बाल्कनीतून खाली आलेली माणसे

मेम्फिसच्या एलिस सभागृहात सोमवारी रात्री कुस्त्या व्हायच्या. मेम्फिस हे अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातले, मिसिसिपी नदीकाठचे शहर. कापसाच्या बाजारावर वाढलेले. विसाव्या शतकातले सहावे दशक संपत आले होते. सभागृहात रिंगणाजवळच्या खुर्च्या गोऱ्यांच्या. कृष्णवर्णीय प्रेक्षकाने तिकिटाचे पैसे मोजायचे, जिने चढायचे आणि वरच्या बाल्कनीत बसायचे. बाल्कनी भरली की मागून आलेल्यांनी घरी परतायचे. खाली खुर्च्या रिकाम्या असल्या तरी त्या त्यांच्यासाठी नव्हत्या.

त्याच शहराच्या प्राणिसंग्रहालयात कृष्णवर्णीयांना आठवड्यातून एकच दिवस प्रवेश असे. त्या दिवशी पाटी लागे, आज गोऱ्यांना प्रवेश नाही म्हणून. अर्नेस्ट विदर्स या कृष्णवर्णीय छायाचित्रकाराने १९५९ साली त्या पाटीचे छायाचित्र काढले आहे. ते पाहताना अंगावर काटा येतो. लेकराला हत्ती दाखवायचा, तर त्यासाठीही जातीचा वार पाळायचा! सर्वोच्च न्यायालयाने शाळांमधला वर्णभेद १९५४ सालीच घटनाबाह्य ठरवला होता, पण तो निकाल मेम्फिसच्या खुर्च्यांपर्यंत पोचला नव्हता.

एलिस सभागृहातली ही बैठक मोडली ती एका पैलवानाने. त्याचे नाव स्पुटनिक मन्रो. त्याच्यावर ओटिस गिब्स या अमेरिकन गायकाने गाणे केले आहे. या वर्षीच्या दिवाळी अंकाची सुरुवात त्या गाण्यापासून करावी, असे आम्ही ठरवले.

आधी पैलवानाविषयी. मन्रोचा जन्म १९२८ सालचा, कॅन्सस राज्यातल्या डॉज सिटीचा. जत्रांमधून कुस्त्या खेळत तो मोठा झाला. कपाळावरच्या काळ्या केसांत एक पांढरा पट्टा, चालण्यात ऐट, तोंडात उर्मट भाषा. अमेरिकेतली व्यावसायिक कुस्ती म्हणजे आपल्या तांबड्या मातीतली कुस्ती नव्हे. तिथे निकाल आधी ठरलेला असतो. आपल्याकडे नूरा कुस्ती म्हणून जिला नाके मुरडतात, तिचा अमेरिकनांनी धंदा केला आणि त्या धंद्यात स्वतःची अशी कलाही घडवली. दोघांतला एक मल्ल भला, दुसरा खल. भल्याला टाळ्या द्यायला लोक येतात, त्याहून जास्त खलाला शिव्या घालायला येतात. मन्रो खल होता, आणि गोऱ्या प्रेक्षकाला कशाने चीड येते हे त्याला पुरते ठाऊक होते.

स्पुटनिक हे नाव त्याला कसे पडले, ती हकीकत तो स्वतःच सांगत असे. रशियाने १९५७ च्या ऑक्टोबरात पहिला उपग्रह सोडला, त्या सुमाराची गोष्ट. अलाबामात कुस्तीसाठी जाताना त्याने वाटेत एका कृष्णवर्णीय वाटसरूला गाडीत घेतले. मुक्कामी पोचल्यावर त्याच्या खांद्यावर हात टाकून तो लोकांसमोर उतरला. जमलेले गोरे खवळले. आणखी खवळावेत म्हणून त्याने त्या माणसाच्या गालाचा मुका घेतला. गर्दीतल्या एका म्हातारीला संतापात दुसरी शिवी आठवेना, तेव्हा ती त्याला स्पुटनिक म्हणाली. रशियन उपग्रह ही त्या दिवसांत अमेरिकेतली सगळ्यात भयंकर वस्तू होती. त्याने ती शिवी उचलली आणि जन्मभर नाव म्हणून मिरवली.

मेम्फिसला आल्यावर तो बील स्ट्रीटवर वावरू लागला. बील स्ट्रीट म्हणजे ब्लूज संगीताची पेठ, कृष्णवर्णीयांची वस्ती, त्यांची दुकाने, त्यांचे गुत्ते. जांभळा झगा, हातात काठी, अशा थाटात मन्रो तिथे हिंडायचा. लोकांबरोबर बसून प्यायचा, कुस्तीची तिकिटे वाटायचा. गोऱ्या माणसाने कृष्णवर्णीयांच्या गुत्त्यात बसणे पोलिसांना खपत नसे. त्यांनी त्याला किरकोळ कलमांखाली धरले. त्याने न्यायालयात रसेल शुगरमन या कृष्णवर्णीय वकिलाला उभे केले, दंड भरला आणि पुन्हा बील स्ट्रीटवर जाऊन बसला. गोऱ्या आरोपीची बाजू कृष्णवर्णीय वकील मांडतो आहे, हे दृश्यच त्या शहराला नवे होते. हेच शुगरमन १९५९ साली शहराच्या निवडणुकीत उभे राहिले. ते हरले, पण त्या निवडणुकीमुळे मेम्फिसच्या कृष्णवर्णीय मतदाराला स्वतःची संख्या कळली.

कृष्णवर्णीय पोरे मन्रोच्या नावाने वेडी झाली. सोमवारी बाल्कनी भरून रांग बाहेर रस्त्यावर येऊ लागली. इथे मन्रोने खरा डाव टाकला. किती कृष्णवर्णीय आत आले, हा आकडा दारावरचा माणूस आयोजकांना द्यायचा. मन्रोने त्याला पैसे चारले आणि आकडा कमी सांगायला लावला, असे मेम्फिसमध्ये सांगतात. बाल्कनीत अजून जागा आहे अशा समजुतीत आयोजक राहिले आणि लोक आत येत गेले. वर पाय ठेवायला जागा उरली नाही, तेव्हा त्यांना खाली सोडण्यावाचून गत्यंतर नव्हते. मन्रोनेही आयोजकांना बजावले की माझ्या लोकांना हवे तिथे बसू द्या, नाहीतर मी हा चाललो. तो गेला असता तर तिकीटखिडकी ओस पडली असती. आयोजकांनी मान तुकवली. एलिस सभागृहात गोरे आणि कृष्णवर्णीय एका रांगेत बसून कुस्ती पाहू लागले.

१९५९ च्या ऑगस्टमध्ये रसवूड पार्क या मैदानावर मन्रो आणि बिली विक्स यांची लढत झाली. विक्स हा गोऱ्यांचा लाडका, सभ्य मल्ल. पंच म्हणून आणला होता रॉकी मार्सियानो, एकही लढत न हरता निवृत्त झालेला मुष्टियुद्धातला जगज्जेता. तेरा हजारांवर लोक जमले. मेम्फिसच्या कुस्तीत एवढी गर्दी पुढे कित्येक वर्षे झाली नाही.

रिंगणात सगळे ठरवून चालले होते. कोण पडणार, कोण उठणार, कोणाचे रक्त निघणार, सगळे. प्रेक्षकांची बैठक तेवढी खरी होती, आणि ठरलेल्या कुस्त्या खेळणाऱ्या या माणसाने मोडली ती नेमकी हीच खरी गोष्ट. म्हणून हा पैलवान आम्हाला मोठा वाटतो.

यात त्याचा फायदा होताच. जितकी तिकिटे खपतील तितका मल्लाचा वाटा वाढायचा. त्याला समाजसुधारक म्हणता येणार नाही, आणि तसा आव त्याने कधी आणला नाही. काही वाचक म्हणतील, मग यात कौतुक कसले? आमचे उत्तर सरळ आहे. त्या काळी मेम्फिसमध्ये कृष्णवर्णीयांचे पैसे घेणारे गोरे दुकानदार शेकड्यांनी होते. पैसे घ्यायचे आणि मागच्या दाराने माल द्यायचा, हा त्यांचा शिरस्ता होता. मन्रोने पैसे घेतले आणि पुढचे दार उघडून मागितले. त्यासाठी तो पोलिसकोठडीत गेला, त्याने रोज गोऱ्या गर्दीच्या शिव्या खाल्ल्या. हेतू पुरेसा निर्मळ नव्हता म्हणून असे काम बाजूला टाकले, तर इतिहासात फारच थोडी कामे शिल्लक राहतील. शिवाय हा नुसता धंद्याचा भाग असता, तर मेम्फिसचा जमाना ओसरल्यावर तो थांबला असता. तसे झाले नाही. आठव्या दशकाच्या आरंभी त्याने नॉर्वेल ऑस्टिन या तरुण कृष्णवर्णीय मल्लाला जोडीदार केले आणि दक्षिणेच्या गावोगावी ते दोघे खांद्याला खांदा लावून लढले. ऑस्टिननेही मन्रोसारखाच केसांत फिका पट्टा रंगवून घेतला होता.

आता गाण्याविषयी. ओटिस गिब्स इंडियाना राज्यातला. भरघोस दाढी, घोगरा आवाज आणि एक गिटार, एवढ्यावर तो गावोगाव गातो. कामगार, संपकरी, रस्त्यावरची माणसे हे त्याचे विषय. त्याच्या एका अल्बमचे नाव जो हिलच्या रक्षेवरून ठेवलेले आहे. जो हिल म्हणजे कामगारांसाठी गाणी रचणारा कवी. युटा राज्यात १९१५ साली त्याला गोळ्या घालून देहदंड दिला गेला आणि त्याची रक्षा लिफाफ्यांत भरून कामगार संघटनांना पाठवली गेली. त्या परंपरेतल्या गायकाला मन्रोवर गाणे करावेसे वाटले, हे मोलाचे आहे. मेम्फिसच्या जुन्या लोकांनी ही गोष्ट आपसांत सांगत जिवंत ठेवली होती. रॉबर्ट गॉर्डन या लेखकाने १९९५ साली मेम्फिसच्या संगीतावर लिहिलेल्या पुस्तकात या पैलवानाला जागा दिली. गाण्याने ती गोष्ट आणखी दूरवर नेली.

गाणे काय करू शकते याचा याहून मोठा दाखला अमेरिकेतच आहे. १९४८ च्या जानेवारीत कॅलिफोर्नियात लॉस गातोसच्या दरीत एक विमान कोसळले. मेक्सिकोला परत धाडले जाणारे अठ्ठावीस शेतमजूर आणि चौघे कर्मचारी ठार झाले. बातम्यांत कर्मचाऱ्यांची नावे आली. मजूर मात्र नुसते परत पाठवलेले म्हणून उरले, आणि त्यांना एकाच खड्ड्यात पुरण्यात आले. वुडी गथ्री या लोकगायकाला ही बातमी सहन झाली नाही. त्याने त्यांच्यावर कवन रचले. काही वर्षांनी त्याला चाल मिळाली आणि गायकांमागून गायक ते गात राहिले. ते ऐकत वाढलेल्या पुढच्या पिढीने शोध घेतला आणि २०१३ साली फ्रेस्नोच्या दफनभूमीत अठ्ठावीसही नावे कोरलेली शिळा उभी राहिली. पासष्ट वर्षे लागली, पण त्या गाण्याने लोकांना स्वस्थ बसू दिले नाही.

अशा गाण्यांत एक धोका असतो, तो सांगितलाच पाहिजे. गाण्याला नायक लागतो आणि नायक एकटा असतो. मेम्फिसच्या गोष्टीत हा नायक गोरा आहे. पण बाल्कनी भरली ती त्याने नव्हे. दिवसभर राबून, खिशातले पैसे मोजून, अपमानाचे जिने चढून जे कृष्णवर्णीय प्रेक्षक दर सोमवारी येत राहिले, त्यांनी ती भरली. खाली उतरून गोऱ्यांच्या शेजारच्या खुर्चीवर पहिल्यांदा बसायला जे धैर्य लागले, तेही त्यांचेच. त्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. पुढे मार्च १९६० मध्ये लमॉइन आणि ओवेन या महाविद्यालयांतले कृष्णवर्णीय विद्यार्थी मेम्फिसच्या मुख्य ग्रंथालयात जाऊन वाचायला बसले आणि त्यांना अटक झाली. त्याच वर्षी ग्रंथालय सर्वांना खुले करावे लागले. १९६८ साली तिथल्या सफाई कामगारांनी, आपण माणूस आहोत एवढेच सांगणारे फलक गळ्यात अडकवून, संप केला. त्या संपाला बळ द्यायला आलेल्या मार्टिन ल्यूथर किंग यांचा ४ एप्रिलला याच शहरात खून झाला. सभागृह खुले झाल्याने शहर बदलले नव्हते. मल्लांचेच म्हणाल, तर बोबो ब्राझील या नावाने लढणारा कृष्णवर्णीय मल्ल ह्यूस्टन हॅरिस याच वर्षांत आपल्या कातडीमुळे बंद असलेली रिंगणे एकेक करून उघडत होता. त्याच्यावरही गाणे व्हायला हवे.

हे सगळे मराठी वाचकाला परके वाटू नये. महात्मा फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली, तेव्हा ती अमेरिकेतल्या त्या सज्जनांना अर्पण केली ज्यांनी कृष्णवर्णीयांना दास्यातून सोडवण्यासाठी निरपेक्षपणे झीज सोसली. आपल्या देशबांधवांनी त्यांचा कित्ता गिरवावा, अशी आशा त्या अर्पणपत्रिकेत आहे. पुढच्या काही वर्षांतच अमेरिकेच्या दक्षिणेतल्या गोऱ्या सत्ताधाऱ्यांनी कायद्यामागून कायदे करून ती मुक्ती पोकळ केली. एलिस सभागृहाची बाल्कनी त्याच कायद्यांच्या जगातली. फुले ज्यांच्याकडे दांडपट्टा शिकले ते लहुजी वस्ताद साळवे मांग समाजातले, आणि त्यांच्या पुण्यातल्या तालमीत सवर्णांची पोरेही वस्ताद म्हणून त्यांच्या पाया पडत. ही गोष्ट मेम्फिसच्या शंभर वर्षे आधीची.

दूरदेशीच्या माणसांवर गाणे रचणेही आपल्याला नवे नाही. अण्णाभाऊ साठे यांनी १९४३ साली स्तालिनग्राडचा पोवाडा रचला. व्होल्गेच्या काठी लढणाऱ्या माणसांसाठी गिरणगावात डफ वाजला. ज्या शाहिरीने स्तालिनग्राड आपले मानले, तिला मेम्फिस दूर नाही.

मात्र आपल्याकडची अशी गाणी वेगाने विरत चालली आहेत, याची आम्हाला काळजी वाटते. मोठ्या पुरुषांचे पोवाडे टिकतील, त्यांना छापणारे आणि गाणारे आहेत. ज्याने पाणवठा खुला करायला पहिली घागर बुडवली, जिने देवळाची पायरी चढून दाखवली, ज्याने आखाड्यात अमक्याशी लढायचे नाही हा दंडक मोडला, अशा गावोगावच्या माणसांवर जात्यावर, भजनात, जलशात गाणी झाली आहेत. ती गाणारे आज सत्तरी-ऐंशीत आहेत. त्यांच्या पाठीमागे ती गाणी गाणारे बहुतेक कोणी नाही.

तेव्हा वाचकांना एक विनंती आहे. दिवाळीला गावी जाल तेव्हा घरातल्या, आळीतल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. असे एखादे गाणे निघाले तर त्यांच्या परवानगीने ते ध्वनिमुद्रित करा, शब्द उतरवून घ्या. गाणाऱ्याचे नाव, गाव आणि गाणे कोणाकडून शिकले ते लिहा आणि आमच्याकडे पाठवा. शुद्धलेखनाची, चालीची, अपुऱ्या कडव्यांची फिकीर करू नका. पुढच्या वर्षीच्या अंकात या गाण्यांसाठी पाने राखून ठेवली आहेत.