निवारा मिळाला; रोजगाराचे काय?

मनोविकाराने ग्रासलेल्या बेघर माणसास आधी घर द्यावे, उपचारांची अट त्यास घालू नये, हे तत्त्व न्यूयॉर्कमध्ये १९९२ साली स्थापन झालेल्या ‘पाथवेज टु हाउसिंग’ या संस्थेने आचरणात आणले. आज अमेरिकेतील अनेक शहरांत अशी माणसे स्वतःच्या नावच्या भाडेकराराने राहतात आणि वैद्यकीय व सामाजिक साहाय्य त्यांच्या दारी येते. छपराचा प्रश्न सुटला. परंतु चार भिंतींच्या आत दिवस कंठणे म्हणजे जीवन नव्हे.

‘आधी पूर्ण बरे व्हा, मग नोकरी’ हे या प्रश्नाचे जुने उत्तर होते. न्यू हॅम्पशायरमधील डेबोरा बेकर व रॉबर्ट ड्रेक यांनी हा क्रमच उलटविला. ज्यास काम हवे त्यास खुल्या बाजारातील, प्रचलित वेतनाची नोकरी विनाविलंब शोधून द्यावयाची आणि नंतर त्याची पाठराखण करावयाची, ही त्यांची पद्धत. युरोपातील सहा शहरांत ३१२ मनोरुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाले. या पद्धतीने ५५ टक्के, तर जुन्या पद्धतीने केवळ २८ टक्के लोकांनी दीड वर्षात किमान एक दिवस तरी नोकरी केली.

‘किमान एक दिवस’! खरी कसोटी येथेच आहे. नोकरी मिळणे निराळे, टिकणे निराळे. औषधाने सकाळी गुंगी येते, वरिष्ठांशी खटका उडतो. अशा वेळी मालकाशी बोलून कामाची वेळ बदलून घेणारा कोणी पाठीशी लागतो. त्यात हिशेबाचे भय. अमेरिकेतील निर्वाहसाहाय्यातून, ठरावीक सूट वगळता, कमावलेल्या प्रत्येक डॉलरमागे ५० सेंट कापले जातात; अनुदानित घराचे भाडे उत्पन्नाच्या सुमारे ३० टक्के, म्हणजे आणखी १५ सेंट जातात. ठोकळ मानाने हाती ३५ सेंट उरतात. हा हिशेब आधीच समजावून न दिल्यास माणूस कामास भितो, यात नवल ते काय?

आपल्याकडे २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने, केवळ घर नाही किंवा कुटुंब स्वीकारीत नाही म्हणून कोणास मनोरुग्णालयात ठेवता येणार नाही, असा हक्क दिला आहे. ठाणे, पुणे, नागपूर व रत्नागिरी येथील प्रादेशिक मनोरुग्णालयांच्या संदर्भात हा हक्क पाळावयाचा, तर बाहेर घरे उभारावी लागतील. ती उभारताना रोजगाराची जोड पहिल्या दिवसापासून द्यावी, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील सरकारी नोकऱ्यांच्या राखीव जागांत मानसिक आजाराचाही समावेश आहे. पण जागा राखून कर्तव्य संपत नाही. नेमणुकीचा कागद हाती पडताच ज्याचा आधार काढून घेतला जातो, तो माणूस पुन्हा पदपथावर येण्यास फारसा वेळ लागत नाही.