फक्त आवाज वाढव ना रे!

घरात आपण एकटेच कॉम्प्युटरवाले असलो की कुणाचाही व्हिडिओ बिघडला तरी तो आपल्याच गळ्यात पडतो. गेल्या विकांताला आतेभावाने एक पाठवला. २०२३ च्या गणपतीत आजी तिच्या माहेरची गोष्ट सांगतेय, सहा मिनिटं. चित्र ४के, नऊवारीच्या काठाचे धागे मोजून घ्यावेत. आणि आवाज? पंख्याचा. सोबत मेसेज : "फक्त आवाज वाढव ना रे."

या "फक्त"ने माझं डोकं फिरतं.

अहो, आवाज वाढवणं म्हणजे गुणाकार. आजीला चारने गुणलं की पंख्यालाही चारने गुणलं जातं, दोघांचं प्रमाण तेच! त्यात मध्येच कुणीतरी फोनच्या शेजारी टाळी वाजवलेली. ऑडॅसिटीमधलं नॉर्मलाइझ सगळ्यात उंच टोक बघून बाकीचं उचलतं, आणि टाळीचं टोक आधीच छताला टेकलेलं. मग टाळी हाताने दाबा, कम्प्रेसर लावा, नुसत्या पंख्याचे दोन सेकंद शोधून नॉइज रिडक्शनला नमुना म्हणून द्या. तेही बेताने, जास्त ओढलं की आजी पाण्याखालून बोलते. मग हा आवाज मूळ चित्राला परत जोडा (चित्र पुन्हा एन्कोड करायची गरज नसते, उगाच खराब करू नका). झाला रविवार!

आता आजी ऐकू येते. चार शब्द सोडून. त्यातला एक म्हणजे तिच्या माहेरच्या विहिरीचं नाव... आजी पुढच्या फेब्रुवारीत गेली. तिच्या माहेरचं आता कुणी उरलेलं नाही. विचारायचं कुणाला?

"एआयला दे की!" दिलं. आवाज स्टुडिओसारखा लख्ख, आणि विहिरीच्या जागी भलताच शब्द, तोही ठणठणीत खात्रीने. जे रेकॉर्डच झालं नाही ते यंत्र अंदाजाने भरतं. आजीच्या तोंडी दुसऱ्याचे शब्द घालणारं सॉफ्टवेअर मला फुकटातही नको.

आणि हे सगळं कशामुळे? तर फ्रेममध्ये सगळे यायला हवेत म्हणून साहेब बारा फुटांवर उभे! अंतर अर्धं केलं की आवाज साधारण ६ डेसिबलने वाढतो. बारावरून तीन फुटांवर आला असता तर १२ डेसिबल, म्हणजे तोच चौपट गुणाकार, पण एकट्या आजीसाठी. पंखा होता तेवढाच राहिला असता. दूरच उभं राहायचं तर दुसरा कुठलाही जुना फोन रेकॉर्डर चालू करून आजीच्या मांडीजवळ ठेवायचा, सुरुवातीला एक टाळी वाजवायची (टाळीचा उपयोग असा असतो!) आणि नंतर त्या टाळीवर दोन्ही जुळवायचे. खर्च शून्य.

पण आपण मेगापिक्सेल मोजून फोन घेणार. माइकचं भोक कुठे आहे ते किती जणांना माहीत आहे? एक तर खालच्या कडेलाच असतं, आणि फोन आडवा धरला की बऱ्याचदा आपलाच तळहात त्यावर.

असो. पुढच्या महिन्यात मोठ्या काकांची पंचाहत्तरी आहे. आतेभाऊ नवा फोन घेतोय, कॅमेरा म्हणे आणखी भारी. मी पंख्याच्या बटणापाशी उभा राहणार आहे.