फेरसुनावणीचा हक्क आणि नोकरशाहीची मनमानी

हद्दपारीचा हुकूम झालेल्या परदेशी माणसाच्या हाती अमेरिकेत एक अखेरचा उपाय उरतो: नवा पुरावा पुढे ठेवून प्रकरण पुन्हा उघडण्याचा अर्ज. हा अर्ज ज्या अपील मंडळापुढे जातो ते न्यायालय नव्हे, सरकारच्याच न्यायखात्याचे अंग आहे. त्याने नकार दिला, तर दाद कोठे मागावयाची?

१९९६ साली अमेरिकी काँग्रेसने, कायद्यानेच सरकारच्या मर्जीवर सोपविलेले अनेक निर्णय न्यायालयांच्या कक्षेबाहेर काढले. शिकागोच्या अपील न्यायालयाने हा नकारही त्यांतच ढकलला. वास्तविक येथे मर्जीचा अधिकार कायद्याने दिलेला नव्हता. तो खात्याच्या स्वतःच्या नियमात होता. २०१० साली सुप्रीम कोर्टाने तो अर्थ एकमताने फेटाळला. खात्याने आपल्याच नियमाने न्यायालयाचे दार बंद करावे, हे त्याने मान्य केले नाही. मुदत टळल्याच्या सबबीवर दिलेला नकारही तपासता येतो, असे २०१५ साली ठरले.

या निकालांचे स्वागतच केले पाहिजे. परंतु भ्रमात राहून चालणार नाही. सामान्यतः अर्ज एकच, मुदत ९० दिवसांची. वकील सरकारी खर्चाने नाही, आणि अर्जाने हद्दपारी सहसा आपोआप थांबत नाही. शेतामळ्यांत राबणाऱ्या मजुराला मग हे दार उघडे असून काय उपयोग? सरकारी खर्चाने वकील आणि निकालापर्यंत स्थगिती, या दोन गोष्टी मिळाल्याखेरीज त्याचा हक्क कागदावरच राहील.