नंबरपाटीचे मोल

भोकरदनच्या जालना रस्त्यावर सकाळी पाय मोकळे करायला निघाले की एक दृश्य हमखास दृष्टीस पडते. कुणाचा टेम्पो, कुणाची जीप पाण्याच्या फवाऱ्याखाली उभी असते. "आज पासिंगला न्यायची आहे," असे मालक सांगतो. चिखल धुतला जातो, बंद पडलेला दिवा बदलला जातो, मागे परावर्तक पट्टी चिकटते, पुसट झालेला नंबर नव्याने रंगविला जातो. कर थकला असेल तर तो आधी भरावा लागतो. त्यावाचून कागद पुढे सरकत नाही. मिरचीच्या ऐन हंगामात एका दिवसाची भाडी बुडतात. पण त्याबद्दल कुणी फारशी कुरकुर करीत नाही. रस्ता सर्वांचा आहे आणि त्यावर उतरणाऱ्याने समाजापुढे आपल्या वाहनाचा हिशेब ठेवला पाहिजे, हे त्या टेम्पोवाल्याला अर्थशास्त्र न शिकताही उमगलेले असते.

परदेशातून येणाऱ्या वापरलेल्या स्पोर्ट्स कारलाही हीच रीत लागू आहे, निदान कायद्याच्या पुस्तकात. १ एप्रिल २००१ रोजी आयातीवरील संख्यात्मक निर्बंध उठले, तेव्हा जुन्या गाड्यांचे दार अटी घालूनच उघडण्यात आले. गाडी निर्मितीपासून तीन वर्षांहून जुनी नसावी. सुकाणू उजव्या हाताला असावे. वेगमापक किलोमीटर दाखविणारा असावा. पुढच्या दिव्यांचा झोत डाव्या बाजूने चालणाऱ्या रहदारीला साजेसा असावा. आणि गाडी आणखी पाच वर्षे रस्त्यावर धावण्याजोगी असावी. ठराविक बंदरांतच ती उतरावी आणि पुण्याची एआरएआय किंवा अहिल्यानगरची संरक्षण खात्याची वाहन संशोधन संस्था यांसारख्या ठिकाणी तिची चाचणी व्हावी. त्या वर्षीच्या अर्थसंकल्पाने जुन्या गाड्यांवर १०५ टक्के मूळ सीमाशुल्कही लावले होते. अशी गाडी धुणारा कारागीर तिचा तळ खरवडतो आणि चासी व इंजिनाचे नंबर स्वच्छ वाचता येतील असे घासून काढतो, कारण त्या नंबरांचा कागदांशी मेळ बसल्याखेरीज नोंदणी होत नाही. येथवर टेम्पोत आणि स्पोर्ट्स कारमध्ये भेद नाही. भेद सुरू होतो तो कराच्या खिडकीपाशी.

परदेशी वस्तूचा आम्हांस विटाळ नाही. आमचे भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. पाँपेईच्या राखेत सापडलेल्या हस्तिदंती मूर्तीशी साम्य असलेली मूर्ती येथील उत्खननात मिळाली. समुद्रापारचा व्यापार या गावाच्या ओळखीचा आहे. पण रोमन साम्राज्यदेखील तांबड्या समुद्रातून येणाऱ्या पौर्वात्य मालावर चौथाई जकात घेत असे. चैनीची वस्तू हवी असणाऱ्याने राज्याचा वाटा आधी द्यावा, ही कल्पना समाजवाद्यांनी शोधून काढलेली नाही.

ही कल्पना आपल्याकडे कशी सैल होते, ते पाहा. २००२ साली सचिन तेंडुलकरांनी ब्रॅडमनच्या २९ कसोटी शतकांची बरोबरी केली, म्हणून फियाट कंपनीने त्यांना फेरारी ३६० मॉडेना भेट दिली. २००३ मध्ये केंद्र सरकारने तिच्यावरील सुमारे १ कोटी १३ लाखांचे शुल्क माफ केले. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले, लोकांत नाराजी उमटली आणि अखेर ते शुल्क कंपनीने भरले. त्या गुणी खेळाडूविषयी आमच्या मनात किंतु नाही. प्रश्न माफी देणाऱ्या लेखणीचा आहे. ती कुणासाठी चटकन उठते आणि कुणासाठी जड होते, याचा आहे.

राज्याचा हिशेब तर अधिक बोलका आहे. महागड्या गाड्या दुसऱ्या राज्यांत नोंदल्या जातात, म्हणून २०१७ साली महाराष्ट्राने एकरकमी वाहनकरावर २० लाखांची कमाल मर्यादा घातली. म्हणजे कर चुकविणाऱ्याला पकडण्याऐवजी करच त्याच्या सोयीचा केला. २०२५ मध्ये ही मर्यादा ३० लाख झाली. पाच कोटींच्या गाडीवर ३० लाख म्हणजे सहा टक्के. त्याच २०२५ च्या अर्थसंकल्पात साडेसात हजार किलोंपर्यंतच्या मालवाहू वाहनांवर सात टक्के एकरकमी कर प्रस्तावित झाला. मिरचीची पोती वाहणारा टेम्पो सात टक्क्यांना आणि कोट्यवधींची चैन सहा टक्क्यांना! तीस लाखांवरील विजेच्या मोटारींवर सहा टक्के कराचा प्रस्तावही त्याच अर्थसंकल्पात होता. तो मात्र त्याच महिन्यात मागे घेण्यात आला.

याची दुसरी बाजू केवळ आकड्यांची नाही. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्याच्या कल्याणीनगरात भरधाव पोर्शे गाडीने दुचाकीवरील दोन तरुण अभियंत्यांचे प्राण घेतले. एक कोटीहून अधिक किमतीची ती आयात गाडी विजेवर चालणारी, म्हणून तिला वाहनकर माफ होता. उरले होते ते १,७५८ रुपयांचे शुल्क. ते न भरल्यामुळे मार्चपासून तिची कायम नोंदणी अडून राहिली होती, असे परिवहन खात्यानेच सांगितले. शुल्क भरले असते तर अपघात टळला असता, असे आम्ही म्हणणार नाही. परंतु १,७५८ रुपयांचे आणि एका सहीचे बंधनही ज्याला जाणवत नाही, त्याला रस्त्यावरच्या इतरांचे अस्तित्व तरी का जाणवावे?

विजेच्या वाहनांना उत्तेजन मिळावे, हे आम्हांस मान्य आहे. रिक्षा, दुचाकी, लहान मोटार यांना सवलत जरूर द्यावी. पण सवलतीला किमतीची मर्यादा हवी. एकरकमी करावरील कमाल मर्यादा उठली पाहिजे. आणि कायम नोंदणी झाल्यावाचून अतिवेगवान गाडीची चावी मालकाच्या हाती पडता कामा नये. कार्यकर्त्यांनी या तीन मागण्या आपापल्या तालुक्यातील आमदारांपुढे आणि ग्रामसभांतून मांडाव्यात. टेम्पोवाल्याला यातले मर्म समजावून सांगावे लागणार नाही. पासिंगच्या दिवशी गाडी धुताना तो ते स्वतःच आपल्याला सांगेल.