‘मशीनशिवाय’ म्हणजे कुणाच्या हाताने?

एप्रिल उजाडला की माझ्या फोनवर एकच व्हिडिओ वेगवेगळ्या स्वयंपाकघरांतून येऊ लागतो. दोन हात दिसतात, चेहरा दिसत नाही. पांढऱ्याशुभ्र ओट्यावर हापूसच्या फोडी, एक वाटी क्रीम, कन्डेन्स्ड मिल्कचा डबा. मिक्सर एकदा घरघरतो आणि पुढच्याच क्षणी स्कूपमधून गोल गरगरीत गोळा वाटीत पडतो. वर ठळक अक्षरं असतात : मशीन नाही, केमिकल नाही, फक्त पाच मिनिटं.

हे तीन दावे आहेत आणि तिन्ही खोटे आहेत. खाण्यापिण्याच्या व्हिडिओवर एवढं चिडायचं कशाला, असं तुम्ही विचाराल. मीही बरीच वर्षं चिडत नव्हतो. उलट मी त्यांच्याच बाजूचा होतो आणि त्या भरात मी घरात एक गोष्ट केली, तिची लाज अजून वाटते. ती पुढे सांगतो.

आधी ‘मशीन नाही’बद्दल. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे ‘सर्व्हरलेस’ नावाचा एक प्रकार आहे. शब्दाचा अर्थ घ्यायचा तर सर्व्हर नाही. प्रत्यक्षात सर्व्हर असतोच; तो दुसऱ्याच्या इमारतीत असतो, रात्री बंद पडला तर दुसरंच कुणी उठतं आणि आपल्याला दिसत नाही म्हणून आपण ‘नाही’ म्हणतो. मशीनशिवायचं आइस्क्रीम हे अगदी तसंच आहे.

आइस्क्रीमचं मशीन दोन कामं करतं. मिश्रण वेगाने गार करतं आणि गार होत असताना सतत घुसळतं. दूध नुसतं फ्रीझरमध्ये ठेवलं तर त्यातलं पाणी सावकाश गोठतं. सावकाश गोठलेल्या पाण्याचे स्फटिक मोठे होतात आणि ते जिभेला कचकच लागतात. घुसळत राहिलं की स्फटिक बारीक राहतात आणि मिश्रणात हवा शिरते. ही हवा काही थोडीथोडकी नसते. आपल्याकडच्या नियमांत आइस्क्रीमचं वजन लिटरला किमान ५२५ ग्रॅम हवं असं म्हटलंय. म्हणजे डब्यातली जवळजवळ अर्धी जागा हवेने भरली तरी कायद्याची हरकत नाही.

आता मशीन काढून टाका. स्फटिक मोडायचं आणि हवा भरायचं काम उरतंच. ‘दर पाऊण तासाने बाहेर काढून फेटा, असं चार वेळा करा’ ही ओळ पाककृतीत असते, व्हिडिओत नसते. ती ओळ म्हणजेच मशीन. पाऊण तास गुणिले चार म्हणजे तीन तास कुणीतरी घराबाहेर पडायचं नाही, झोपायचं नाही, घड्याळाकडे बघत राहायचं. पाच मिनिटांचा हिशेब इथेच संपतो.

आमच्या सांगलीच्या घरात हे मशीन म्हणजे आई होती.

आंब्याच्या दिवसांत आणि पुढे सीताफळाच्या दिवसांत ती आइस्क्रीम करायची. एकदारी फ्रीज, त्याचा इवलासा फ्रीझर, त्यात बर्फाचे थर. मी शाळेत असताना लोडशेडिंग जोरात होतं. वेळापत्रक पेपरात यायचं, ते कापून आई फ्रीजच्या दारावर चिकटवायची. मला वाटायचं टीव्हीच्या मालिकांसाठी. ते आइस्क्रीमसाठीही होतं. पहाटे दूध शिजवून, निववून, फ्रीझरमध्ये ठेवायचं. वीज जायच्या आत ते घट्ट व्हायला हवं. दुपारी वीज आली की अर्धवट सैल झालेली लादी सुरीने तोडून, मिक्सरच्या भांड्यात घालून, साय घालून, दुप्पट फुगेपर्यंत फिरवायची. मग आंबा. मग परत फ्रीझर. आम्ही शाळेतून येईपर्यंत सगळी भांडी घासून पालथी घातलेली असायची. आम्हाला दिसायचा तो फक्त डबा.

बाबांच्या आइस्क्रीमच्या आठवणी वेगळ्या आहेत. त्यांच्या लहानपणी वाड्यात भाड्याने पॉट यायचा. लाकडी बादली, मधे पत्र्याचा डबा, भोवती बर्फ आणि खडेमीठ, वर हँडल. मिठामुळे बर्फ शून्याच्या बराच खाली जाऊन वितळतो आणि वितळताना दुधातली उष्णता ओढून घेतो. असं हाताने फिरवायचं यंत्र १८४३ साली अमेरिकेत नॅन्सी जॉन्सन या बाईंनी पेटंट केलं. काका-मामा आळीपाळीने हँडल मारायचे, पोरं भोवती नाचायची, हँडल जड झालं की टाळ्या. मे महिन्याच्या आठवणींच्या लेखात हा पॉट हमखास असतो. मी असे डझनभर लेख वाचलेत. मिक्सरच्या भांड्यात लादी फोडणाऱ्या बाईवर एकही वाचलेला नाही. पुरुषांनी अंगणात अर्धा तास हँडल मारलं तर त्याचा सोहळा होतो. बाईने बंद स्वयंपाकघरात दुपारभर तेच काम केलं तर त्याला आपण ‘मशीनशिवाय’ म्हणतो.

आता दुसरा दावा, केमिकल नाही.

आईच्या कपाटात प्लास्टिकच्या दोन बरण्या असायच्या. एकीवर बॉलपेनने ‘जीएमएस’, दुसरीवर ‘सीएमसी’. गणपती पेठेतल्या दुकानात सुट्या मिळायच्या. अर्धा लिटर दूध, दोन मोठे चमचे जीएमएस, एक मोठा चमचा कॉर्नफ्लोअर, पाव लहान चमचा सीएमसी, सात-आठ चमचे साखर. महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत, महिला मंडळांच्या उन्हाळी वर्गांत लिहून घेतलेल्या वहीत, थोड्याफार फरकाने हेच प्रमाण सापडेल.

२०१९ साली मला पुण्यात पहिली नोकरी लागली. पगार आला, वजन वाढलं, आणि मी लेबलं वाचायला लागलो. अर्धवट ज्ञान आलेल्या माणसाचा उत्साह काय वर्णावा! गणपतीला घरी गेलो, कपाट उघडलं, त्या दोन बरण्या काढल्या आणि म्हणालो, “आई, हे केमिकल आहे. इतकी वर्षं आम्हाला हे खायला घातलंस?” आणि तिच्यासमोर त्या कचऱ्याच्या बादलीत टाकल्या.

ती काही बोलली नाही. माझी आई बी.एस्सी. आहे, विषय रसायनशास्त्र. मी बी.ई. आहे, विषय संगणक. आमच्या दोघांत त्या बरणीबद्दल बोलायचा अधिकार कुणाचा होता, हे सांगायला तिसरा माणूस नको. पण घरातल्या सगळ्यांना, तिलासुद्धा, तो माझा वाटला. त्यानंतर तिने आइस्क्रीम केलं नाही.

जीएमएस म्हणजे ग्लिसरॉल मोनोस्टिअरेट. स्निग्ध आम्ल आणि ग्लिसरीन यांच्यापासून होतं. त्याचं एक टोक पाण्याला धरतं, एक तेलाला. त्यामुळे फेटताना शिरलेली हवा टिकते. फ्रेंच पद्धतीच्या कस्टर्डमध्ये अंड्याच्या बलकातलं लेसिथिन हेच काम करतं. त्याला आपण ‘आर्टिझनल’ म्हणतो आणि शंभर मिलीला तीनशे रुपये मोजतो. सीएमसी म्हणजे कार्बोक्सी मिथाइल सेल्युलोज. झाडाच्या किंवा कापसाच्या सेल्युलोजपासून होतं. ते मोकळं पाणी धरून ठेवतं. आइस्क्रीम थोडं वितळून पुन्हा गोठलं की बारीक स्फटिक विरघळतात, त्यांचं पाणी मोठ्या स्फटिकांवर जाऊन बसतं आणि खडे तयार होतात. सीएमसीमुळे ही हालचाल मंदावते.

आता लोडशेडिंगचं वेळापत्रक आठवा. आमच्या फ्रीझरमधला डबा रोज थोडा वितळून रोज परत गोठत होता. ती पाव चमचा पावडर त्या खंडित विजेवरचा उपाय होती. मशीन नाही, घट्ट क्रीम नाही, वीज भरवशाची नाही. या तिन्हींची भरपाई माझ्या आईने दोन बरण्यांमधून केली होती. आमच्या धंद्यात, सर्व्हर अधूनमधून पडणार हे गृहीत धरून जो माणूस व्यवस्था उभी करतो त्याला मोठं पद देतात. आईला मी ‘केमिकल’ म्हणून दाखवलं.

आणि आता व्हिडिओतल्या त्या क्रीमच्या वाटीकडे या. कन्डेन्स्ड मिल्क आणि फेटलेलं क्रीम ही पद्धत मुळात चांगली आहे. एकात पाणी कमी आणि साखर भरपूर, दुसऱ्यात हवा आधीच भरलेली. पण त्यासाठी क्रीममध्ये तीस टक्क्यांच्या वर स्निग्धांश लागतो. आपल्याकडच्या टेट्रापॅकमधलं नेहमीचं क्रीम पंचवीस टक्क्यांचं. ते कितीही फेटा, फुगत नाही. मग केकसामानाच्या दुकानातून ‘व्हिपिंग क्रीम’ आणतात. त्याचं खोकं उलटं करून वाचा. बहुतेकांत दूध नावालाही नसतं. हायड्रोजनेटेड वनस्पती तेल, साखर, इमल्सिफायर, स्टॅबिलायझर. वनस्पती तेलापासून केलेल्या मालाला बाजारात ‘आइस्क्रीम’ म्हणता येत नाही, ‘फ्रोझन डेझर्ट’ लिहावं लागतं. आइस्क्रीम म्हणवून घ्यायला दुधाचाच स्निग्धांश लागतो, नेहमीच्या आइस्क्रीममध्ये किमान दहा टक्के. म्हणजे दुकानातलं फ्रोझन डेझर्ट नको म्हणून जी मंडळी घरी आइस्क्रीम करतात, ती घरी फ्रोझन डेझर्टच करतात. शिवाय त्यावर ‘केमिकल नाही’ लिहितात. माझ्या आईच्या डब्यात निदान दूध होतं.

यावर ठरलेलं उत्तर येतं : “अहो, एवढं काय? लोक हौसेने करतात, करू द्या.” करू द्याच. हौसेला माझी ना नाही. पण हे व्हिडिओ पाहून माणसं करतात, त्यांची वीट होते आणि त्यांना वाटतं आपल्याला जमत नाही. न जमण्याचं कारण व्हिडिओत कापून टाकलेलं असतं. कामाची किंमत लपवली की काम करणारा मूर्ख ठरतो आणि ज्यांना ते काम येत होतं त्यांचं ज्ञानही फुकट जातं.

माझी वीट झाली ती २०२२ च्या मे महिन्यात. फ्लॅटवर चार मित्र येणार होते. मी चार हापूस मिक्सरमधून काढले, दूध-साखर घातली, रात्रभर ठेवलं. सकाळी सुरी वाकली. आईला फोन केला.

“दगड झालाय.”

“आंबा आटवलास?”

“नाही. ताजा घातला.”

“मग पाणीच गोठवलंस की रे. आंब्यात ऐंशी टक्क्यांवर पाणी असतं. रस मंद आचेवर पळी उभी राहीपर्यंत आटवायचा, पूर्ण गार करायचा, मग घालायचा.”

“सीताफळाचंही तसंच?”

“अजिबात नाही. सीताफळ तापवलंस तर कडू होतं. तो गर कच्चाच, शेवटी. अननस उलटा, तो शिजवल्याशिवाय दुधाजवळ न्यायचा नाही, दूध फाटतं. आणि फळाच्या फोडी घालायच्या तर आधी साखरेत मुरवून ठेव, नाहीतर दाताखाली खडे येतील.”

ती वीस मिनिटं बोलत होती. अननसातल्या कोणत्या विकराने दुधातलं प्रथिन तुटतं, साखर वाढवली की गोठणबिंदू किती उतरतो, म्हणून गोड फळाला साखर का कमी करायची. मी पाच वर्षं लोकांचे तांत्रिक इंटरव्ह्यू घेतोय. स्वतःच्या विषयावर इतकं स्वच्छ बोलणारा उमेदवार क्वचित भेटतो. शेवटी तिने विचारलं, “सीएमसी आहे का तुझ्याकडे?” आणि मग स्वतःच म्हणाली, “नसेलच.”

माझं म्हणणं थोडक्यात असं. मशीन घ्यायचं तर घ्या. त्यात कमीपणा नाही, आणि भांडं आदल्या दिवशी फ्रीझरमध्ये ठेवायची आठवण तेवढी ठेवा. घ्यायचं नसेल तर दर पाऊण तासाने स्वतः उठा. पावडर वापरायची असेल तर वापरा आणि तिचं नाव सांगा. पण ‘मशीन नाही, केमिकल नाही, पाच मिनिटं’ हे लिहू नका. ज्यांनी ते मशीन होऊन दाखवलं आणि ते केमिकल समजून घेतलं, त्या अजून आपल्या घरात आहेत आणि हे वाचतात.

गेल्या मे महिन्यात सांगलीला जाताना मी दोन्ही पावडरी घेऊन गेलो. माफी वगैरे मागता आली नाही; बरण्या कपाटात जुन्या जागी ठेवल्या. आईने पाहिल्या, एकीचं झाकण उघडून वास घेतला आणि म्हणाली, “तू कर. मी सांगते.” ती खुर्चीवर बसली. मी दूध शिजवलं, आंबा आटवला. संध्याकाळी लादी ठेवली, ती घट्ट व्हायला रात्रीचा दीड वाजला. मी उठून ती फोडली आणि मिक्सर लावला.

आतल्या खोलीतून बाबांचा आवाज आला, “एवढ्या रात्री काय चाललंय? उद्या केलं तर चालणार नाही का?”

“नाही चालणार,” आई अंधारातूनच म्हणाली. “त्याला अजून दहा मिनिटं फिरवू दे.”