गाडीवरचा डाग आणि थिनरची घाई

दिवाळी तोंडावर आली की जळगाव-धुळ्यात घरोघरी रंगकाम निघते. गल्ल्या अरुंद, गाड्या दाराशीच उभ्या. त्यामुळे भिंतीच्या रंगाचे चार शिंतोडे गाडीवर उडतातच. महामार्गालगतच्या गॅरेजांमध्ये तर उघड्यावर रंगाची फवारणी चालते आणि तिचे बारीक कण शेजारच्या गाडीवर जाऊन बसतात. मग ठरलेला उपाय होतो. चिंधी थिनरमध्ये किंवा पेट्रोलमध्ये बुडवायची आणि घासायचे. डाग पाच मिनिटांत जातो, म्हणून ही पद्धत सर्वमान्य झाली आहे. तिची किंमत मात्र गाडीचा मालक मोजत नाही. उघड्या हातांनी दिवसभर घासणारा गॅरेजमधला पोरगा मोजतो.

थिनरमध्ये बहुधा टोल्युइन, ॲसिटोन यांसारखी द्रावके असतात. ती जशी रंग विरघळवतात, तशीच त्वचेतील नैसर्गिक तेलेही काढून घेतात. आधी हात कोरडे पडतात, मग भेगा आणि इसब. श्वासावाटे गेलेल्या वाफेने डोके दुखते, गरगरते. वर्षानुवर्षांच्या संपर्काने मज्जासंस्थेवर परिणाम होऊ शकतो. पेट्रोल तर त्याहून वाईट. आपल्याकडच्या पेट्रोलमध्ये १ टक्क्यापर्यंत बेंझिन असू शकते आणि बेंझिनमुळे रक्ताचा कर्करोग होतो, हे सिद्ध झालेले आहे. तोंडाला बांधलेला रुमाल धूळ थोडीफार अडवतो, वाफ अजिबात अडवत नाही.

त्यात खान्देशचा उन्हाळा. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा उघड्या डब्यातले द्रावक झपाट्याने उडते. पेट्रोल उणे ४० अंशांनाही पेट घेण्याइतकी वाफ सोडते. ही वाफ हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरते. वेल्डिंगची ठिणगी, पेटती विडी किंवा दारातली पणती, काहीही पुरते. उरलेले थिनर कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरून ठेवण्याची सवय तर लहान मुलांच्या जिवावरच बेतणारी आहे. चुकून कोणी ते प्यायलेच, तर उलटी करवू नये. द्रावक फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. थेट दवाखाना गाठावा.

एवढे करून गाडीचे तरी भले होते का? कारखान्यातून येणाऱ्या गाडीवरचा सगळ्यात वरचा पारदर्शक थर साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे केसापेक्षाही पातळ असतो. तो थिनरचा एखादा हात सोसतो. पण गॅरेजमध्ये नंतर मारलेला रंग कधी कधी डागाबरोबरच निघून येतो. हेडलाइटच्या प्लॅस्टिकला बारीक तडे जातात, ते वेगळेच.

खरे तर बहुतेक डागांना थिनर लागतच नाही. हल्ली भिंतीला बहुधा पाण्यात मिसळणारा रंग असतो. तो ओला असताना साध्या पाण्याने जातो. वाळला असेल, तर साबणाच्या पाण्याचे ओले फडके त्यावर १०-१५ मिनिटे ठेवावे. रंग मऊ पडला की बोटाने हलकेच सुटतो. फवाऱ्याचे खरखरीत कण काढायला क्ले बार मिळतो. गाडी धुऊन, पृष्ठभाग साबणाच्या पाण्याने सतत ओला ठेवून तो हलक्या हाताने फिरवायचा. मात्र हातातून खाली पडलेला तुकडा पुन्हा वापरायचा नाही. त्यात अडकलेली वाळू ओरखडे पाडते. ऑइल पेंटच्या डागाला कापडावर थोडे टर्पेंटाइन पुरते. ते आधी न दिसणाऱ्या जागी लावून पाहावे आणि लगेच साबणाने धुवावे. सावलीत, मोकळ्या हवेत आणि नायट्राइलचे हातमोजे घालूनच हे काम करावे. थिनरपुढे मात्र पातळ हातमोजेही फार वेळ टिकत नाहीत.

यात वेळ जातो, गिऱ्हाईक थांबत नाही, असे गॅरेजवाले म्हणतात आणि ते खोटे नाही. म्हणूनच बदलाची सुरुवात गिऱ्हाइकाने करायला हवी. ‘पाच मिनिटांत काढून दे’ म्हणण्याऐवजी अर्धा तास थांबावे, त्या कामाचे पैसे द्यावेत. गॅरेजमालकाने हातमोजे आणि झाकणाचे डबे पुरवणे हा उपकार नव्हे, कर्तव्य आहे. घर रंगवणाऱ्याने काम सुरू करण्याआधी शेजाऱ्याला हाक मारून गाडी हलवायला सांगितली, तर निम्मे डाग पडणारच नाहीत. गाडीचा रंग पुन्हा मारता येतो. त्या पोराची फुप्फुसे पुन्हा मिळत नाहीत.