गंजलेला बिडाचा तवा भंगाराचा नव्हे



गंज चढलेला बिडाचा तवा भंगारात द्यावा, हे आपल्या वाचकाचं मत मला मुळीच पटलं नाही. असा तवा बाद होतो तो तडा गेल्यावर; तापलेल्या तव्यावर गार पाणी ओतलं की तडा जातो. गंज वरवरचा असतो. चिंचेचा कोळ लावून तारेच्या घासणीने घासावा, धुऊन लगेच चुलीवर कोरडा करावा.

तेल लावूनही तवा चिकट राहतो, ही त्यांची तक्रार खरी. पण दोष जाड थराचा आहे. आमच्या नागभीडकडे धान निघाल्यावर बांधीतल्या ओलीवर जवस पेरतात; तव्याला त्याचंच तेल लावावं, पण अगदी पातळ. जवसाचं तेल तापलं की हवेतल्या प्राणवायूशी जुळून कडक होतं. तैलरंगांत ते याच गुणासाठी वापरतात. चार थेंब चोळून, फडक्याने जवळजवळ सगळं पुसून, धूर थांबेस्तोवर तवा तापवावा. असे पाच-सहा हात द्यावेत. तेल घाणीवरचं, खायचंच घ्यावं. रंगाच्या दुकानातलं कदापि नको. लवकर वाळावं म्हणून त्यात बहुधा धातूंचे क्षार मिसळलेले असतात. आणि सुरुवातीला या तव्यावर टमाटर, चिंच असं आंबट काही शिजवू नये.

— एक वाचक, नागभीड (जि. चंद्रपूर)